हात बांधलेले दिवस

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक तरुण आई राहते. तिचं लेकरू पाच-सहा वर्षांचं असेल. संध्याकाळी ती आधी खिडक्या लावते, मग दार लावते आणि मग त्याच्यावर ओरडते, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मला सगळं ऐकू येतं. खिडक्या लावून ओरडायची विद्या मीही एके काळी शिकले होते, आणि तेव्हाही चाळीत सगळ्यांना सगळं ऐकू जायचंच. तिच्याशी बोलायला मी दोनदा जिना उतरले आणि दोन्ही वेळा दारापर्यंत जाऊन परत आले. समोरासमोर सांगण्यासारखं नाही ते. म्हणून कागद घेतला.

आधीच सांगते, यात औषधांची नावं नाहीत. आणि मी फार सोसलं, फार थोर आई झाले, असंही यात काही नाही. झालं ते उलटच.

*

गिरिजा आमची एकुलती एक. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तेव्हा ती सात वर्षांची होती. मी सोलापुरात महापालिकेच्या शाळेत मास्तरीण, सकाळची शाळा. तिचे वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे. मधले दिवस गिरणीजवळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत मी आणि ती. गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं.

पोरगी बुद्धीने तल्लख. पण मनात आलं आणि हात गेला, या दोहोंच्या मध्ये तिच्याकडे जागाच नव्हती. शेजारची नरसम्मा दारात बसून विड्या वळायची. तिच्या सुपातल्या तंबाखूवर गिरिजाने एकदा जोरात फुंकर मारली, आणि अख्खी चाळ तासभर शिंकत बसली. तेवढं हसण्यावारी गेलं. पण वर्गात पुढे बसलेल्या मुलीची वेणी तिने कात्रीने कापली, ते नाही गेलं. रस्त्यावरून म्हैस चालली की हिला तिचं शिंग धरून बघायचं असे. स्टोव्ह पेटता असताना तिने त्यावर तांब्याभर पाणी ओतलं होतं, कारण काय, तर आवाज कसा येतो ते बघायचं होतं.

ती मला अव्वा म्हणायची. “का केलंस?” म्हणून विचारलं की रडकुंडीला येऊन म्हणायची, “मी न्हाय केलं, अव्वा. हातानं केलं.”

मला तो उद्धटपणा वाटायचा. मग मी त्या हातावर पट्टी मारायची. माझ्या वर्गात साठ मुलं होती. माझी नुसती नजर फिरली तरी चिडीचूप व्हायची. घरी मात्र एक पोरगी ऐकत नव्हती. दिव्याखाली अंधार, असं चाळीतल्या बायका म्हणायच्या, आणि मला ऐकू येईल अशा बेताने म्हणायच्या. गिरिजाचे वडील स्वभावाने गरीब, पण तेही एका शनिवारी बोलून गेले, “तुझ्या वर्गात साठ पोरं गप बसत्यात. घरातली एक बसवाय येईना तुला?”

त्यांना काय सांगायचं? आठवड्यातून दीड दिवस आलेल्या माणसाला सांगायला बसलं, तर तो दीड दिवसही भांडणात जायचा. मी गप्प बसले. गप्प बसायची सवय लागली की मग कुणी विचारलं तरी बोलता येत नाही.

*

सासरचं शेत वैरागजवळ. त्या वर्षी येळवसीला आम्ही तिघं गेलो होतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे गावात कुणी राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. येईल त्याला जेवू घालायचं. दिवस कलला की कडब्याची पेंढी पेटवून ती उभ्या पिकाभोवती फिरवून आणायची.

पेंढी माझ्या दिरांच्या हातात होती. मी गिरिजाचं मनगट घट्ट धरलं होतं. सासूबाईंनी, आम्ही त्यांना अत्ती म्हणायचो, मला आंबिलीचं मडकं धर म्हटलं, म्हणून मी हात सोडला. तेवढाच वेळ. तिने दिरांच्या हातातली पेटती पेंढी ओढून घेतली आणि पळत सुटली. पिकाकडे नाही, सरळ कोपीकडे. का ते तिलाही सांगता आलं नाही. कोप पेटली, आणि कोपीला लागून कडब्याची गंज होती, तीही पेटली. दुष्काळात जनावरं वैरणीवाचून कशी गेली ते त्या घराने डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानंतर पहिल्यांदा रचलेली ती वर्षाची वैरण होती.

गिरिजा पळून गेली नाही. ती मागे वळली आणि दोन्ही तळव्यांनी आग थापटून विझवायला लागली. मी पोचेपर्यंत तिचे हात भाजले होते.

अत्तींनी तिच्या हातांकडे बघितलंही नाही. गंजीकडे बघत म्हणाल्या, “बैलांनी आता काय खायाचं? ही पोरगी पुन्यांदा हितं आणू नगंस. तू बी येऊ नगंस.”

मला त्यांचा राग आला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही पोरीच्या बाजूची नव्हते. हे बाकीच्यांबरोबर गंज विझवत होते. दिरांनी रस्त्यावर जाऊन एक ट्रक थांबवला आणि आम्हाला सोलापूरच्या दवाखान्यात पोचवलं. वाटेत पोर माझ्या मांडीवर कण्हत होती आणि मी मनात म्हणत होते की हिच्यामुळे आता मला सासर राहिलं नाही.

*

दवाखान्यात आम्ही एकवीस दिवस होतो. मी खाटेखाली सोलापुरी चादर अंथरून झोपायची. सकाळी दहाला ड्रेसिंग. साडेनऊपासूनच गिरिजा दाराकडे बघत बसायची आणि सिस्टरांची ढकलगाडी वाजली की खाटेच्या पार कडेला सरकायची. पट्टी भिजवून सोडवताना ती जे ओरडायची, ते मी लिहिणार नाही. मी तिचं डोकं पोटाशी धरायची आणि भिंतीवरच्या चुन्याचे पोपडे मोजायची. अकरापर्यंत सगळं आटपायचं. मग दिवस मोकळा, नुसता बसून काढायचा.

चार ते सहा भेटायची वेळ. बाकीच्या खाटांभोवती माणसं जमायची, डबे उघडायचे, कुणी कुणाला मोसंबी सोलून द्यायचं. आमच्याकडे कुणी येत नसे. मी रजेवर होते, तरी त्या वेळात मुद्दाम शाळेतून मागवलेल्या वह्या तपासायला काढायची, म्हणजे कामात आहे असं दिसेल. वैरागहून कुणी येणार नाही हे ठाऊक होतं. चाळीतून नरसम्मा एकदा आली, पायी आली, येताना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आली. हे रविवारी यायचे आणि खाटेच्या पायाशी टोपी हातात घेऊन उभे राहायचे. पोरीला हात कुठे लावावा ते त्यांना कळायचं नाही.

वॉर्डातली आया मला पहाटे कुणाच्या नकळत बादलीभर कढत पाणी द्यायची. ते पाणी अंगावर घेताना मी रोज रडून घ्यायची. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही, याची अजून चुटपुट लागते.

आणि आता जे सांगायला मी दोनदा जिना उतरले, ते सांगते. दुसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालं आणि मला बरं वाटायला लागलं. पोरगी बरी होतेय म्हणून नाही. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत होते, म्हणून. तिला काही ओढता येत नव्हतं, फेकता येत नव्हतं. जेवायला मी भरवायची. दोन वर्षांची झाल्यापासून ती माझ्या मांडीवर टिकली नव्हती, आता घासासाठी माझ्याकडे बघत बसून राहायची. दुपारी मी तिला गोष्टी सांगायची. सात वर्षांत मला अशी शांतता मिळाली नव्हती. पोरीचे हात भाजलेत आणि आईला सुख वाटतंय. अशी आई तुम्ही पाहिली नसेल, तर आता पाहिलीत.

*

घरी आलो तेव्हा संक्रांत होऊन गेली होती, पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. चाळीत रोज कुणाकडे तरी असायचं. मला बोलावणं आलं नाही. मग मीच ठरवलं, आपण बोलवायचं. वाण म्हणून साबणाच्या दोन डझन रंगीत डब्या आणल्या आणि दारोदार जाऊन शुक्रवारचं सांगून आले.

एकीने दारातच विचारलं, “गिरजी असंल की घरात?”

मी म्हटलं, “असेल, पण तिचे हात अजून बांधलेले आहेत. कशाला हात लावायची नाही.”

“मग येऊ की,” ती म्हणाली.

गंमत बघा, बुधवारी दवाखान्यात सिस्टरांनी पट्टी काढली. गिरिजा खिडकीत उभी राहून बाहेरची शेरडं बघत होती. सिस्टर मला म्हणाल्या, “कातडी छान आलीय. आता मोकळं ठेवा. खोबरेल लावा आणि बोटं सारखी हलवायला लावा. तीन आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवा.” मी हो म्हटलं. घरी आले, जुन्या पांढऱ्या पातळाच्या चिंध्या फाडल्या आणि तिचे हात पुन्हा बांधले. तिला म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. तिने निमूट हात पुढे केले. फक्त शुक्रवारपुरतं, असं मी स्वतःला बजावलं.

शुक्रवारी मी सतरंजी अंथरली, तिळगूळ मांडला, गिरिजाला नवा फ्रॉक घालून दाराजवळ बसवलं, बांधलेले हात सगळ्यांना दिसतील असे मांडीवर ठेवून. चार वाजले, पाच वाजले. समोरच्या खोलीत बायका जमल्या होत्या. त्यांचं हसणं ऐकू येत होतं. दिवेलागणीला नरसम्मा आली. तिने कुंकू लावून घेतलं, डबी घेतली, सतरंजीकडे बघितलं आणि म्हणाली, “सुनंसाटी बी एक दे की, बाई.” तिची सून तेव्हा माहेरी होती, हे मला ठाऊक होतं. मी दिली. उरलेल्या बावीस डब्या मी माळ्यावर टाकल्या.

त्या संध्याकाळी चिंध्या सोडायला हव्या होत्या. मी सोडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी शाळेला जाताना बांधून जायची. नरसम्मा पोरीला आपल्याजवळ बसवून घ्यायची. “तुमी जावा, बाई. मी कुटं जातीय? हितंच हाय की,” म्हणायची. एकदा तिने विचारलं, “पट्टी अजून किती दिस?” तिलाही मी खोटंच सांगितलं. सबंध सोलापुरात माझ्याशी धड बोलणारी ती एक बाई, आणि तिच्याशीही मी खोटं बोलत होते. शनिवारी हे आले, त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, “बघ, कशी गुणाची झालीय आता.” मी मान हलवली.

असे तीन आठवडे गेले.

*

मुलांच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी चिंध्या सोडल्या, हात उलटेसुलटे केले आणि गिरिजाला म्हणाल्या, “मूठ उघड.” उजव्या हाताची उघडली, जरा आखडत. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं हललीच नाहीत. ती वाकलेलीच राहिली.

डॉक्टरांनी तिला वजन करायला सिस्टरांबरोबर पाठवलं आणि मला विचारलं, “ही पट्टी कुणी बांधली?”

मी म्हटलं, “मी.”

“का?”

मी तोंडाला पदर लावला आणि सगळं सांगितलं. येळवस, गंज, साबणाच्या डब्या, सगळं. बोलताना मला कळलं की हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगते आहे. बाहेर रांग होती. डॉक्टर उठल्या, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसल्या. म्हणाल्या, “फार वाईट केलंत. ते तुम्हाला कळलंय, म्हणून पुन्हा बोलत नाही. आता ती लहान होती तेव्हापासून सांगा.” अर्धा तास त्या नुसतं विचारत होत्या. मग त्यांनी गिरिजाला बोलावलं.

“गिरिजा, आई एखाद्या गोष्टीला हात लावू नको म्हणते, ते तुला ठाऊक असतं का?”

“व्हय.”

“मग लावतेस का?”

गिरिजाने विचार केला. “हात लावल्यावर आटवतं,” ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. “ऐकलंत? आजार असला तर एवढाच आहे. इतरांना आधी आठवतं, हिला नंतर. वळण तुम्ही लावलं नाही असं नाही, आणि ती मुद्दाम करते असंही नाही.” केसपेपरवर त्यांनी एक इंग्रजी नाव लिहिलं. मला ते वाचता आलं, कळलं नाही. बरी होईल का, विचारलं. त्या म्हणाल्या, “मोठी होईल. सावकाश आवर येईल. तोपर्यंत तिच्या वतीने तुम्हाला आधी आठवावं लागेल. मारून ते येत नाही.”

येताना मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. तुम्हाला वाटेल, दुःखाने. तसं नव्हतं. इतके दिवस मी एका वाईट मुलीची नालायक आई होते, आणि आता नव्हते. पण मग तिच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. हात भाजले होते तिचे तिने. बोटं वाकडी केली ती मी.

*

पुढचं सगळं हळूहळू झालं. कुणी झटपट बरं करून देतो म्हणालं, तर त्याच्या नादी लागू नका. मारायची पट्टी मी शाळेतच ठेवायला लागले. बाहेर जाताना आधीच सांगायची: आता म्हैस दिसेल, तुला शिंग धरावंसं वाटेल, तेव्हा माझं बोट धर. दहातल्या आठ वेळा ती शिंगच धरायची. दोन वेळा बोट धरायची, आणि ते दोन वेळा मी रात्री यांना पत्रात लिहायची. हे सगळं खरंच आजारपण आहे हे त्यांना त्या पत्रांनी पटलं, माझ्या बोलण्याने पटलं नव्हतं. अत्तींनी मात्र आम्हाला पुन्हा कधी शेतात बोलावलं नाही. चाळीतल्या बायकाही आल्या नाहीत. सगळंच सुधारतं असं नाही. त्या एकटेपणाची सवय करून घ्यावी लागते, आणि सवय झाली तरी तो असतोच.

गिरिजा शिकली, नोकरीला लागली. अजूनही समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. डाव्या हाताची करंगळी अजून वाकडीच आहे.

डॉक्टरांनी सांगितलेला बोटांचा व्यायाम तेव्हा रोज संध्याकाळी असायचा. पातेल्यात कोमट पाणी, त्यात हात बुडवायचे, मग खोबरेल लावून एकेक बोट मी सरळ करायची. दुखायचं. ती दात आवळून बसायची. असंच एकदा, दोनेक महिन्यांनी, मला राहवलं नाही. मी म्हटलं, “गिरिजा, ती नंतरची पट्टी डॉक्टरांनी सांगितली नव्हती गं. मीच बांधली. मी खोटं बोलले तुझ्याशी.”

ती पाण्यात बोटं उघडमीट करत होती. “मला ठावं हाय की,” म्हणाली. “सिस्टर म्हणल्या व्हत्या, मोकळं ठेवा. मी ऐकलं व्हतं.”

मी तेलाची वाटी खाली ठेवली. “मग बोलली का नाहीस? दाताने सोडली का नाहीस?”

“सोडली असती तर तू भरवलं नसतंस.”

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. पाढा म्हणावा तसं म्हणाली. मनात आलं की क्षणभर न थांबणारी ही पोर तीन आठवडे हात बांधून बसली होती, दिवसातून दोनदा माझ्या मांडीवर बसता यावं म्हणून. आणि त्या दोन खोल्यांत एकटं कुणी असेल तर ती मीच, असं मी धरून चालले होते.

मी भाकरी आणि दूध कुस्करलं, तिला मांडीवर घेतलं आणि घास पुढे केला. तिने तोंड उघडलं, आणि त्याच वेळी तिच्या पायाची लाथ बसून पातेलं लवंडलं. पाणी स्टोव्हपर्यंत गेलं, माझ्या तपासायच्या वह्यांखाली गेलं.

मी उठले नाही.